खिशातल्या फोनवरून चालण्याची नोंद: वर्षानुवर्षं कामी येईल असा हिशेब कसा ठेवायचा

फोन टेबलावर उताणा ठेवून त्यातल्या त्वरणमापकाचा, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटरचा, आकडा पाहिला तर तो शून्य दिसत नाही. तो ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग) च्या आसपास दिसतो. फोन जागचा हललेला नसतो, तरीही हा आकडा येतो. याचं कारण चिपच्या आत आहे. तिथे केसापेक्षा बारीक स्प्रिंगांवर सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा टांगलेला असतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला सतत खाली ओढत असतं. तुकडा सरकला की शेजारच्या कंगव्यासारख्या पट्ट्यांमधलं अंतर बदलतं, त्यासोबत विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि तो बदल चिप मोजते.

आपण चालताना प्रत्येक टाच जमिनीवर टेकते तेव्हा या आकड्यात एक उंचवटा उठतो. साधारण चालीत सेकंदाला दीड ते सव्वादोन उंचवटे येतात आणि फोन तेच मोजतो. आपला पाय त्याला दिसत नाही, त्याला फक्त हिसके कळतात. पावलांचा हिशेब कुठे बरोबर येतो आणि कुठे चुकतो, हे सगळं या एका गोष्टीतून समजतं.

दीर्घकाळाच्या आरोग्यासाठी ही नोंद ठेवायची असेल, तर आजचा आकडा ६,२०० की ६,५०० यावर डोकं शिणवू नका. फोन, तो ठेवायची जागा आणि मोजायची रीत वर्षानुवर्षं तीच राहिली, तर मोजण्यातली चूकही तेवढीच राहते आणि बदल मात्र खरा दिसतो. दुसरी गोष्ट बहुतेक लोकांच्या लक्षातच येत नाही: पावलांच्या संख्येइतकाच, उतारवयात तर तिच्याहूनही अधिक, चालण्याचा वेग बोलका असतो.

फोनची तयारी

पावलं मोजण्यासाठी फोनमध्ये कमी वीज खाणारी वेगळी व्यवस्था असते. अँड्रॉइडमध्ये ती ४.४ या आवृत्तीपासून आणि आयफोनमध्ये ५एसपासून आहे. दोन्ही २०१३ साली आले. म्हणून पावलं मोजल्यामुळे बॅटरी लवकर संपत नाही. बॅटरी खातं ते जीपीएस, आणि पावलं मोजायला जीपीएस लागतच नाही. जिने मोजायचे असतील तर हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर लागतो. तो स्वस्त फोनमध्ये बहुधा नसतो, त्यामुळे तिथे मजल्यांचा रकाना रिकामा दिसला तर तो बिघाड समजू नका. आयफोन साधारण तीन मीटर चढाईला एक मजला धरतो.

अँड्रॉइड १० पासून प्रत्येक अ‍ॅपला ‘फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी’ ही परवानगी वेगळी द्यावी लागते. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग परमिशन्स, असं जाऊन ती दिली आहे का पाहा. त्याच अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. हे करणं का महत्त्वाचं, ते समजून घ्या. अँड्रॉइडचा मूळ मोजक दिवसागणिक मोजत नाही. फोन सुरू झाल्यापासूनची एकूण पावलं तो सांगतो आणि फोन बंद करून चालू केला की पुन्हा शून्यावर येतो. दिवसांची वाटणी अ‍ॅपला करावी लागते. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनने अ‍ॅपला झोपवलं, तर एका दिवशी ९०० पावलं आणि दुसऱ्या दिवशी १३,००० असा विचित्र हिशेब दिसतो. त्यातच फोन रीस्टार्ट झाला तर मधली पावलं कायमची जातात. असा खड्डा आणि त्याला लागून डोंगर वारंवार दिसू लागला, तर दोष पायांचा नाही, या सेटिंगचा आहे.

आयफोनमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘मोशन अँड फिटनेस’, आणि तिथलं ‘फिटनेस ट्रॅकिंग’ चालू असायला हवं. हेल्थ अ‍ॅपमध्ये उंची आणि वजन खरं भरा, कारण अंतराचा अंदाज बांधायला हे आकडे वापरले जातात.

नोंद कुठे साठवायची हे एकदाच ठरवा. आयफोनवर हेल्थ अ‍ॅप आणि अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट हे सरळ पर्याय आहेत. अँड्रॉइड १४ पासून हेल्थ कनेक्ट प्रणालीतच आलं आहे. त्यातली माहिती त्या फोनवरच असते, म्हणून जुना फोन विकण्याआधी किंवा पुसण्याआधी ती बाहेर काढायला विसरू नका. चार अ‍ॅप एकदम बसवू नका. मनगटावर घड्याळही असेल, तर काही अ‍ॅप फोनची आणि घड्याळाची पावलं बेरीज करून दाखवतात आणि आकडा दुप्पट होतो. तसं दिसलं तर पावलांसाठी एकच उपकरण मुख्य ठेवा आणि दुसऱ्याची पावलं लिहिण्याची परवानगी काढून घ्या.

शंभर पावलांची चाचणी

कोणतंही मोजमाप वापरण्याआधी ते तपासून घ्यावं. त्यासाठी सपाट, मोकळी जागा आणि अर्धा तास पुरे.

१. अ‍ॅप उघडून आत्ताचा आकडा कागदावर लिहा. फोन पँटच्या पुढच्या खिशात ठेवा.

२. नेहमीच्या चालीने बरोबर शंभर पावलं चाला. मनात मोजा. मध्ये कुणाशी बोलू नका.

३. थांबा आणि वीसेक सेकंद स्थिर उभे राहा. अँड्रॉइडचा मोजक आकडा कळवायला दहा सेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतो. घाईने पाहिलं तर तो कमी दिसतो आणि लोक फोनला उगीच दोष देतात.

४. फरक लिहा. असं तीनदा करा.

५. हेच मागचा खिसा, शर्टाचा खिसा, खांद्यावरची पिशवी आणि हातात धरलेला फोन यांसाठी करा.

पुढच्या खिशात ९५ ते १०५ आलं तर फोन कामाचा आहे. पिशवीत आकडा बहुधा जास्त हेलकावतो, कारण पिशवी स्वतःच्या तालावर झुलते. सैल, खोल खिशातही हाच त्रास होतो.

आता आणखी एक प्रयोग करा, तो सगळ्यात जास्त शिकवतो. पाच पावलं चाला, तीन सेकंद थांबा, पुन्हा पाच पावलं. असं दहा वेळा. पावलं पन्नास होतात, पण फोनवर बरेचदा त्याहून खूपच कमी दिसतात, कधी एकही दिसत नाही. हा बिघाड नाही. खिशातून फोन काढणं, खुर्चीत वळणं, गाडीचा एखादा धक्का ही पावलं म्हणून मोजली जाऊ नयेत यासाठी मोजक सलग काही नियमित उंचवटे आल्याशिवाय त्यांना पावलं मानत नाही. घरातलं काम असं तुटक चालीचं असतं: दोन पावलं इकडे, चार तिकडे. म्हणून दिवसभर घरात उभ्याने राबणाऱ्या माणसाचा आकडा लाजिरवाणा दिसतो, आणि कार्यालयात बसून काम करून संध्याकाळी अर्धा तास फिरून येणाऱ्याचा ऐटदार दिसतो. दोघांची तुलना करणं अन्यायाचं आहे. शिवाय घरात असताना फोन बहुधा खिशात नसून चार्जरला असतो.

काठी घेऊन, वॉकर धरून किंवा पाय घासत चालणाऱ्यांची पावलंही फोन कमी मोजतो, कारण टाचेचा उंचवटा पुसट होतो. घरातल्या वृद्ध माणसाच्या नोंदी ठेवायच्या असतील तर ही चाचणी त्यांच्यावरच करा, स्वतःवर नको. शंभरातली साठ-सत्तरच पकडली जात असतील, तर त्यांच्यासाठी पावलांचा आकडा सोडून द्या आणि पुढे दिलेली वेगाची चाचणी घ्या.

वेग: खरा ऐवज इथे आहे

मिनिटाला साधारण १०० पावलं म्हणजे प्रौढ माणसासाठी मध्यम तीव्रतेची हालचाल. १३० च्या आसपास ती जोमदार होते. हे ढोबळ आकडे आहेत. उंच माणसाला थोडी कमी पावलं पुरतात, बुटक्या माणसाला थोडी जास्त लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार हालचालीची आहे. ती मिनिटांत आहे, पावलांत नाही. त्यामुळे दिवसभर रेंगाळत टाकलेल्या ८,००० पावलांपेक्षा त्यातली किती मिनिटं शंभराच्या वर होती, हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

आपली गती, म्हणजे मिनिटाला किती पावलं पडतात ते, फोनकडून नेमकी काढून घ्यायची असेल तर ‘फिफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात ते तयार झालं आहे. फोनमधल्या सेन्सरांचे कच्चे आकडे ते जसेच्या तसे दाखवतं. त्यात ‘अ‍ॅक्सेलरेशन स्पेक्ट्रम’ हे साधन उघडा. तीन टिंबांच्या मेनूत ‘टाइम्ड रन’ आहे. तिथे सुरुवातीला १० सेकंदांचा विलंब आणि ३० सेकंदांचं मापन ठेवा. सुरू करून फोन पुढच्या खिशात ठेवा, पण पॉवरचं बटण दाबू नका, आणि एकसारख्या चालीने चालत राहा. थांबल्यावर आलेखात एक ठळक टोक दिसेल. ते १.८ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १.८ वेळा या आकड्यावर, असेल तर १.८ गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला १०८ पावलं. पुढच्या खिशात फोन असताना बहुधा दुसरं टोकही दिसतं, बरोबर निम्म्यावर, ०.९ च्या जवळ. ते फोन ज्या मांडीवर आहे त्या एकाच पायाचं आहे. तो पाय दोन पावलांत एकदाच पुढे येतो. पावलांची गती काढताना मोठ्या हर्ट्झचं टोक घ्यायचं.

वेग मात्र गतीपेक्षा वेगळा आहे, कारण त्यात पावलाची लांबी येते. जमिनीवर मोजपट्टीने २० मीटर आखून घ्या आणि दोन्ही टोकांना दोन-तीन मीटर जास्तीची जागा सोडा, म्हणजे सुरुवातीची आणि थांबतानाची मंद चाल मोजणीत येणार नाही. नेहमीच्या चालीने जा, वेळ आणि पावलं दोन्ही मोजा. २० मीटरला २८ पावलं आणि १६ सेकंद लागले, तर पावलाची लांबी सुमारे ७१ सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला १.२५ मीटर. तीनदा करून मधला आकडा घ्या. अ‍ॅपमध्ये पावलाची लांबी भरायची सोय असेल तर हीच भरा, अंतराचे आकडे लगेच सुधारतील.

वृद्धांमध्ये सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी वेग ही शारीरिक क्षमता घटल्याची खूण म्हणून वैद्यकात वापरतात. सेकंदाला ०.१ मीटरची घट ऐकायला किरकोळ वाटते, पण वृद्धांच्या बाबतीत ती ठळक मानली जाते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०११ साली ३४,४८५ वृद्धांच्या माहितीचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात चालण्याचा वेग आणि पुढचं आयुर्मान यांचं नातं स्पष्ट दिसलं. २०२२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पातल्या सुमारे एक लाख लोकांच्या हालचालींच्या नोंदी तपासल्या. त्या लोकांनी मनगटावर सेन्सर बांधले होते, पण संशोधकांनी त्यातून नेमकी चालण्याच्या छोट्या तुकड्यांमधली माहिती उचलली, म्हणजे साध्या फोनलाही पकडता येईल अशीच. तेवढ्यावरून पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूच्या जोखमीचा अंदाज बांधता आला. हा अंदाज मोठ्या समूहाबद्दल असतो. एकट्या माणसाचं भविष्य त्यातून वाचू नये.

दर तीन महिन्यांनी सहा मिनिटांची चाल करून पाहा. दवाखान्यात ही चाचणी ३० मीटरच्या सपाट मार्गावर घेतात. दोन टोकांना खुणा ठेवायच्या, सहा मिनिटांत जमेल तितकं चालायचं, धावायचं नाही, गरज पडली तर थांबायचं पण घड्याळ चालू ठेवायचं. फेऱ्या मोजून अंतर काढा. दर वेळी तोच मार्ग, तीच पादत्राणं, साधारण तीच वेळ असू द्या. पहिल्यांदा करताना सराव नसतो म्हणून अंतर कमी येतं, तेव्हा पहिल्या दिवशी विश्रांती घेऊन दोनदा करा आणि मोठा आकडा धरा. पुढे तीसेक मीटरपेक्षा कमी फरक पडला तर त्यावर विचार करत बसू नका. छातीत दुखतं, चक्कर येते किंवा अलीकडेच हृदयाचा त्रास झाला आहे, अशांनी ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. चाचणीच्या मध्येच असं काही वाटलं तर लगेच थांबा.

आयफोन ८ आणि त्यापुढच्या फोनवर हेल्थ अ‍ॅप चालण्याचा वेग, पावलाची लांबी, दोन्ही पाय एकदम जमिनीवर असण्याचा वेळ आणि डाव्या-उजव्या पायातला फरक आपोआप टिपतं. त्यासाठी फोन कमरेजवळ, खिशात किंवा पट्ट्याला असायला हवा आणि चाल सपाट जमिनीवर हवी. पिशवीत फोन ठेवणाऱ्यांना हे आकडे क्वचितच मिळतात. एका दिवसाचा आकडा सोडून द्या आणि सहा महिन्यांचा आलेख पाहा.

पहिले १४ दिवस आणि पुढची वर्षं

सुरुवातीचे १४ दिवस चालण्यात काहीही बदल करू नका. फोन जागेपणी शक्य तितका खिशात ठेवा आणि रोज रात्री एका वहीत किंवा तक्त्यात चार गोष्टी लिहा: पावलं, फोन अंदाजे किती तास अंगावर होता, भरभर चालण्याची मिनिटं, आणि एक शब्दाचा शेरा, जसं ‘ताप’, ‘प्रवास’, ‘पाऊस’. हा शेरा आळसाने सोडू नका. दोन वर्षांनी आलेखातला खड्डा पाहताना तोच एक शब्द सगळं सांगतो.

फोन दहा तासांपेक्षा कमी अंगावर होता तो दिवस बाद समजा. अंगावर बांधायच्या सेन्सरांच्या संशोधनात दहा तासांची आणि आठवड्यात किमान चार ग्राह्य दिवसांची अट सर्रास लावतात. फोनलाही ती चालते. बाद दिवसाचा आकडा शून्य लिहू नका, रकाना रिकामा ठेवा. शून्य लिहिलं की सरासरी कोसळते.

सरासरीऐवजी मध्यक घ्या. आठवड्याचे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला उचला. समजा आकडे ३,१००, ३,८००, ४,२००, ४,४००, ४,९००, ५,३०० आणि १७,००० आहेत. सरासरी ६,१०० येते आणि ती भुलवते. मध्यक ४,४०० आहे, आणि माणूस रोज चालतो ते तेवढंच. त्या एका १७,००० च्या दिवसाने बाकीचे सहा झाकले जातात.

मग वाढ. दर दोन आठवड्यांनी मध्यकात ५०० ते १,००० पावलांची भर टाका, त्याहून जास्त नको. पोटऱ्या, टाचा आणि गुडघे दमापेक्षा हळू तयार होतात. सकाळी उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाच दुखू लागली तर वाढ तिथेच थांबवा.

गाठायचं कुठपर्यंत? दहा हजारांचा आकडा वैद्यकातून आलेला नाही. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या पाऊलमापकाच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. २०२२ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये १५ दीर्घकालीन अभ्यासांची एकत्र मांडणी आली. त्यात साठ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांमध्ये फायदा ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत वाढत गेला आणि मग सपाट झाला. त्याहून तरुणांमध्ये ही पातळी ८,००० ते १०,००० होती. सगळ्यात मोठा फायदा खालच्या टोकाला आहे. ३,००० वरून ५,००० वर येणाऱ्याला जे मिळतं, ते ९,००० वरून ११,००० वर जाणाऱ्याला मिळत नाही. म्हणून ज्यांचा आकडा लहान आहे त्यांनी दहा हजारांच्या धाकाने फोन बाजूला ठेवू नये.

नोंद कुठे बिघडते

नवा फोन हे सगळ्यात मोठं संकट. मोजण्याची पद्धत बदलते आणि आलेखात अचानक पायरी दिसते. जुना आणि नवा फोन निदान आठवडाभर एकाच खिशात ठेवा आणि दोन्हींचे आकडे लिहा. नवा फोन सातत्याने ८ टक्के जास्त दाखवत असेल तर तसा शेरा मारा. जुने आकडे मात्र बदलू नका. ऑपरेटिंग सिस्टिमच्या मोठ्या अपडेटनंतर शंभर पावलांची चाचणी पुन्हा करा.

खडबडीत रस्त्यावरून दुचाकीचा प्रवास केला की काही फोन पावलं जोडतात. नेहमीच्या प्रवासाआधी आणि नंतर आकडा लिहून ठेवा. फरक रोज साधारण सारखाच येत असेल तर तो आलेखाला त्रास देणार नाही.

सायकल, पोहणं, वजन उचलणं, योगासनं हे फोनला जवळजवळ दिसतच नाही. ते हाताने मिनिटांत लिहा. बसून राहण्याचा वेळही फोनवर विसंबून काढू नका, कारण तुम्ही बसला आहात, की फोन नुसता टेबलावर पडला आहे, हे त्याला नेहमी ओळखता येत नाही. आणि कॅलरींचा आकडा? तो अंदाजावर बांधलेला अंदाज असतो. त्यावरून जेवणाचा हिशेब मुळीच करू नये.

महिन्यातून एकदा नोंद फोनबाहेर काढा. आयफोनवर हेल्थ अ‍ॅपमधल्या आपल्या चित्रावर टिचकी मारून ‘एक्स्पोर्ट ऑल हेल्थ डेटा’ निवडलं की झिप फाइल मिळते. पावलांसाठी लोकेशन, संपर्क किंवा मायक्रोफोन मागणाऱ्या अ‍ॅपला नकार द्या. चालण्याची चाल माणसाची ओळख पटवू शकते, आणि रोजच्या हालचालींचे तास जोडले तर माणूस कधी घरी असतो, कधी आजारी असतो हेही कळतं. विम्याच्या किंवा बक्षिसांच्या योजनेला ही नोंद जोडण्याआधी ती कुणाकडे जाते आणि नंतर पुसता येते का, हे वाचून घ्या.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं

शेऱ्याच्या रकान्यात काही कारण नसताना महिन्याचा मध्यक आधीच्या तीन महिन्यांपेक्षा पाव हिस्स्याने खाली आला, तर दुर्लक्ष करू नका. तोच रस्ता पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतो, ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते आणि थांबल्यावर राहते, किंवा एका बाजूची चाल वेगळी दिसू लागते, तर आकडा घटण्याची वाट न पाहता जा. चालताना छातीत दुखलं किंवा एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला तर तक्ता घरीच राहू द्या आणि थेट तातडीच्या उपचारांसाठी जा.

एरवी जाताना फोन उघडून हजार पानं दाखवू नका. एका कागदावर गेल्या बारा महिन्यांचे मध्यक, चार वेळच्या सहा मिनिटांच्या चाचण्यांची अंतरं, नव्याने सुरू झालेल्या औषधांच्या तारखा आणि फोन बदलला असेल तर तो महिना, एवढंच लिहून न्या.